छोट्या स्पिनिंग रिळाला साजेसा हलका रॉड कसा निवडावा

मुंबईत गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, शिकणाऱ्या बऱ्याच जणांच्या हाती आधी रीळ येते आणि रॉड नंतर येतो. रीळ लहानशा डब्यात मावते, कुरिअरने सुखरूप पोहोचते, आखातातून सुट्टीवर आलेला मामा ते कपड्यांच्या घडीत गुंडाळून घेऊन येतो. सात फुटांच्या काठीचे तसे नसते. मग १००० किंवा २५०० क्रमांकाचे एक सुबक रीळ कपाटात पडून राहते आणि त्याला कोणता रॉड लावावा हे काही ठरत नाही. दुकानात विचारावे तर ‘लाइट रॉड घ्या, कुठलाही चालेल’ असे सांगितले जाते. हे उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही, पण पुरेसेही नाही, कारण ‘लाइट’ या शब्दाचे माप प्रत्येक कंपनीचे वेगळे असते आणि एका कंपनीचा लाइट रॉड दुसरीच्या मीडियम-लाइटपेक्षा ताठ निघू शकतो.

निवडीची कसोटी एकच आहे, आणि ती सुरुवातीलाच सांगून टाकतो. छोट्या रिळाची ताकद त्यावर भरलेल्या दोऱ्याने आणि त्या दोऱ्याच्या बेताने लावलेल्या ड्रॅगने, म्हणजे ठरावीक ओढीनंतर दोरा सुटू देणाऱ्या रिळातल्या ब्रेकने, ठरते. मासा ओढू लागल्यावर ज्या ओढीला ड्रॅग सुटून दोरा बाहेर जाऊ लागतो, त्या ओढीला रॉड साधारण मध्यापर्यंत छान वाकलेला असावा. तो त्याआधीच मुठीपर्यंत वाकून थांबला असेल तर रॉड कमजोर आहे; ड्रॅग सुटला तरी नुसते टोकच हलत असेल तर रॉड त्या रिळासाठी जड आहे. लांबी, दोरा ओवायच्या कड्या, मूठ, कार्बन की फायबरग्लास हे सारे प्रश्न त्यानंतरचे आहेत, आणि दुकानदार मात्र नेमका त्यांच्यापासून सुरुवात करतो.

ज्यांनी लहानपणी धक्क्यावर बसून हातगरीने मासे धरले आहेत, त्यांना ड्रॅग म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मासा जोर करू लागला की तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बोटांमधून सरकू द्यायची आणि तो थकला की पुन्हा ओढून घ्यायची. तेच काम रिळातल्या चकत्या करतात. फरक इतकाच की बोटांना ओढ कळते, चकत्यांना आपण आधी सांगून ठेवावे लागते.

रिळावर काय लिहिले आहे

शिमानो, दायवा आणि इतर बहुतेक कंपन्यांच्या रिळांवर १०००, २०००, २५००, ३०००, ४००० असे क्रमांक असतात. यांपैकी १००० ते २५०० ही या लेखापुरती छोटी रिळे समजावीत. क्रमांक हे अंदाजाचे माप आहे, त्यापेक्षा स्पूलच्या, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चाकाच्या, कडेवर छापलेली दोऱ्याची क्षमता अधिक कामाची. ‘८/१४०’ असे दिसले तर ८ पौंड ताकदीचा नायलॉनचा दोरा १४० यार्ड, म्हणजे सुमारे १२८ मीटर, मावतो. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, तेव्हा ८ पौंडांची तंगूस साधारण ३.६ किलो ओढीला तुटते, आणि गाठ मारल्यावर त्याहून थोडी आधीच.

डब्यावर ‘कमाल ड्रॅग ४ किलो’ असेही लिहिलेले असते आणि नवशिका माणूस त्या आकड्याला भुलून तितक्या ताकदीचा रॉड शोधू लागतो. तो आकडा रॉड निवडण्यासाठी निरुपयोगी आहे, कारण ३.६ किलोला तुटणाऱ्या दोऱ्यावर ४ किलोचा ड्रॅग लावून कोणी मासा धरत नाही. रूढ पद्धत अशी की ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा ठेवावा. ८ पौंडांच्या दोऱ्याला हे माप ९०० ते १२०० ग्रॅम येते. एक लिटरची पाण्याची बाटली पूर्ण भरली की तिचे वजन एक किलोच्या किंचित वर भरते, म्हणजे नेमके याच टप्प्यात. १००० क्रमांकाच्या रिळावर ४ पौंडांचा दोरा असेल तर अर्ध्या लिटरची बाटली पुरते, आणि ६ पौंडांच्या दोऱ्यासाठी लिटरची बाटली पाऊण भरावी. स्प्रिंगचा काटा असेल तर उत्तमच, परंतु मला बाटलीच अधिक आवडते, कारण ती कुठल्याही स्टेशनवर मिळते आणि नंतर पाणी पिता येते.

करायचे एवढेच. दोऱ्याचे टोक बाटलीच्या गळ्याला पक्के बांधावे, बेलची तार (स्पूलवरची दोरा अडवणारी उघडझाप करणारी तार) बंद ठेवून रीळ हातात उंच धरावे, दोरा रिळापासून सरळ खाली लोंबू द्यावा आणि ड्रॅगचे बटण घट्ट करून मग हळूहळू सैल करत जावे. ज्या क्षणी बाटली आपल्या वजनाने सावकाश खाली उतरू लागते, तो आपला ड्रॅग. इमारतीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी उभे राहून हा प्रयोग छान होतो, मात्र खाली कोणी उभे नाही ना, एवढे पाहावे. बाटली एकसारखी उतरली तर ड्रॅग चांगला आहे. ती थांबत-थांबत, झटके देत उतरली तर रिळाचा ड्रॅग अडखळतो आहे, आणि अशा रिळाला ताठ रॉड मुळीच लावू नये. झटका पोटात घेणारा मऊ रॉडच त्याची उणीव थोडीफार भरून काढतो.

विणलेल्या दोऱ्याची, म्हणजे ब्रेडेड लाइनची, गोष्ट निराळी आहे. हा दोरा बारीक असूनही विलक्षण ताकदवान असतो. पीई १ क्रमांकाचा (पीई हे अशा दोऱ्याच्या जाडीचे माप) दोरा जाडीला केवळ ०.१६५ मिलिमीटर असतो, पण ८ पौंडांच्या तंगुसेच्या जवळपास दुप्पट ओढ सहन करतो. तो भरला असेल तर ड्रॅगचे माप त्याच्या ताकदीवरून काढू नये. पुढे बांधलेल्या लीडरची, म्हणजे गळाकडच्या वेगळ्या तुकड्याची, ताकद आणि रॉडवर लिहिलेली दोऱ्याची मर्यादा, यांतले जे कमी असेल त्यावरून काढावे. नायलॉनसारखा तो ताणत नाही, म्हणून धक्का सोसण्याचे सारे काम एकट्या रॉडवर येऊन पडते, हेही निवडताना ध्यानात असावे.

रॉडवर काय लिहिले आहे

रॉडच्या मुठीच्या वर, पहिल्या कडीच्या अलीकडे, बारीक अक्षरांत चार गोष्टी लिहिलेल्या असतात: लांबी, ताकद, दोऱ्याची मर्यादा आणि फेकायच्या वजनाची मर्यादा. त्यांतला ताकदीचा शब्द वाचून सोडून द्यावा आणि शेवटचे दोन आकडे लक्षपूर्वक वाचावेत. ढोबळमानाने अल्ट्रालाइट रॉडवर २ ते ६ पौंड आणि १ ते ७ ग्रॅम, लाइटवर ४ ते ८ पौंड आणि ३ ते १० ग्रॅम, मीडियम-लाइटवर ६ ते १२ पौंड आणि ५ ते १८ ग्रॅम अशा मर्यादा आढळतात. वजन औंसांत दिले असेल तर पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम हे एकच समीकरण पाठ असले की बाकीचे मनात करता येते.

१००० क्रमांकाच्या रिळाला अल्ट्रालाइट किंवा लाइट रॉड लावावा, २००० आणि २५०० ला लाइट किंवा मीडियम-लाइट. त्याच रिळावर कोणी मीडियम रॉड लावताना दिसेल, आणि त्याचे काम निभतही असेल. परंतु १ किलोच्या ड्रॅगला तो रॉड जेमतेम मान डोलावतो, आणि मग मासा हिसका देतो तेव्हा तो हिसका सरळ गाठीवर जातो.

फेकायच्या वजनात आमिषही धरायचे असते, हे बहुतेक जण विसरतात. ५ ग्रॅमचे शिसे, एक स्विव्हल (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी) आणि गळावर सोललेली बेताची कोळंबी, असे सगळे मिळून सहज ९ ते १० ग्रॅम होते. १ ते ५ ग्रॅमच्या रॉडने हे फेकायला गेल्यास टोकावर दुप्पट ओझे पडते. उलट बाजूनेही गफलत होते: १० ते ३० ग्रॅमच्या रॉडने ४ ग्रॅमचा जिग, म्हणजे गळ बसवलेले धातूचे आमिष, फेकला तर रॉडला ताण भरतच नाही, दोरा नुसता हातभर पुढे जाऊन पडतो, आणि माणसाला वाटते की आपल्यालाच फेकता येत नाही. रॉडच्या मर्यादेच्या मधोमध आपले नेहमीचे वजन येईल असा रॉड घ्यावा. मर्यादेच्या दोन्ही टोकांवर तो कुरकुरतो.

वाकण्याच्या तऱ्हेला ॲक्शन म्हणतात. फास्ट ॲक्शनचा रॉड मुख्यतः टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकतो, मॉडरेट मध्यापर्यंत, आणि स्लो थेट मुठीपर्यंत. कृत्रिम आमिषे नाचवायची असतील तर फास्ट बरा. पण मुंबईत आपण बहुतेक वेळा करंदी, कोळंबी किंवा बोंबलाचा तुकडा लावतो, आणि फास्ट टोकाच्या फटक्याने ते मऊ आमिष हवेतच गळावरून सुटून समुद्रात एकीकडे आणि शिसे दुसरीकडे जाते. म्हणून पहिला रॉड मॉडरेट किंवा मॉडरेट-फास्ट घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, जरी दुकानांत फास्टच अधिक खपत असले तरी.

कुठे उभे राहणार, त्यावर लांबी

लांबी ठरवताना मासा कोणता यापेक्षा आपण पाण्यापासून किती उंचावर आणि किती दूर उभे राहणार, हे आधी पाहावे. मढ, मार्वे, मनोरी, गोराई या बाजूला जेट्टीवरून किंवा खाडीच्या काठावरून गरवायचे असेल तर पाणी जवळ असते आणि ६ ते ६.५ फुटांचा रॉड हाताळायला सोपा जातो. तिवरांच्या फांद्या डोक्यावर असतील तर त्याहूनही आखूड चालेल. वर्सोव्याच्या पुळणीवर उभे राहून मुडदुशीसाठी लाटेच्या पलीकडे हलके शिसे टाकायचे असेल तर ७ ते ७.५ फूट हवेत, कारण लांब रॉडने दोरा लाटेच्या माथ्यावरून धरता येतो आणि फेकही चार हात पुढे पडते. सात फूट म्हणजे २१३ सेंटिमीटर. छोटे रीळ लावून त्याहून फार लांब गेले की पुढचे वजन वाढते आणि तासाभरात मनगट बोलू लागते.

वरळी सी फेस किंवा मरीन ड्राइव्हसारख्या उंच कठड्यांवर हलक्या रॉडची एक गंभीर अडचण आहे. मासा थकवून कठड्याखाली आणता येतो, पण पाण्याबाहेर येताच त्याचे सगळे वजन दोऱ्यावर आणि रॉडच्या टोकावर येते. पाऊण किलोचा शिंगाळा पाण्यात सहज खेळवणारा रॉड तोच मासा तीन-चार मीटर उंच उचलताना मोडू शकतो. अशा वेळी रॉड बाजूला ठेवून दोरा हाताने वर घ्यावा, तोही लीडरची ताकद ओळखून, किंवा दोरीला बांधलेले खाली सोडायचे जाळे सोबत न्यावे. दोन्ही नको असेल तर तिथे छोटे रीळ नेऊच नये. टेट्रापॉडवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांवर, उतरून मासा घेण्याचा विचार तर मुळीच करू नये. पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस जाहीर करते ते उगाच नव्हे, आणि शेवाळ इतर ऋतूंतही तितकेच निसरडे असते.

पाण्याची ओढही पाहावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, माहीमच्या किंवा मनोरीच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीचे पाणी इतक्या वेगाने धावते की १० ग्रॅमचे शिसे तळाला क्षणभरही टिकत नाही. तिथे ४० ग्रॅमचे शिसे हवे, आणि ते फेकणारा रॉड व ओढून घेणारे रीळ हे वेगळेच जोडपे आहे. हलक्या जोडीसाठी अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस, किंवा भरती-ओहोटीच्या मधला पाणी उभे राहण्याचा अर्धा-पाऊण तास, हाच खरा काळ. ‘हलका रॉड मुंबईत चालत नाही’ अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. तिथी विचारली की उलगडा होतो.

माशांबद्दल थोडक्यात. मुडदुशी, ढोमा, लहान शिंगाळा, हातभराहून लहान तांबोशी आणि गोड्या पाण्यातला तिलापिया हे या जोडीचे मासे आहेत. पवई तलावात तिलापियाबरोबर कटला आणि रोहूही आहेत. त्यांच्यापैकी मोठा मासा लागला तर १००० च्या रिळावरचा सगळा दोरा संपतो. तिथे गळ टाकण्याआधी महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशनकडे परवानगीची चौकशी करावी, आणि तलावात मगरी आहेत हे विसरून पाण्याच्या अगदी कडेला बसू नये. जिताडा आणि मोठी तांबोशी गळ लागताच दगडांत किंवा तिवरांच्या मुळांत शिरतात. त्यांना रोखायला ताठ रॉड आणि जाड दोरा लागतो, तिथे हलक्या रॉडची हौस करू नये. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचा काटा विषारी असतो, तेव्हा गळ काढायला पक्कड हवीच.

रीळ खिशात घालून दुकानात जावे

क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात, किंवा आपल्या जवळ जिथे गरीचे सामान मिळते तिथे, रॉड घ्यायला जाताना आपले रीळ दोरा भरून सोबत न्यावे. रीळ न लावता रॉड निवडणे म्हणजे पाय घरी ठेवून चप्पल घ्यायला जाण्यासारखे आहे.

पहिल्यांदा रॉड स्पिनिंगचाच आहे याची खात्री करावी. स्पिनिंग रीळ रॉडच्या खाली लोंबते आणि कड्याही खालच्या बाजूला असतात. ज्या रॉडला रिळाच्या बैठकीखाली बोट अडकवायला चाप असतो आणि पहिल्या कड्या लहान असतात, तो बेटकास्टिंगचा, म्हणजे रॉडच्या वर बसणाऱ्या रिळासाठीचा. त्यावर स्पिनिंग रीळ बसते खरे, पण स्पूलवरून वेटोळी घेत सुटणारा दोरा त्या लहान कडीवर आपटतो आणि फेक निम्मी होते.

दोऱ्याची ही वेटोळी सावकाश लहान करत नेणे हे पहिल्या दोन-तीन कड्यांचे काम असते. छोट्या रिळाच्या स्पूलचा व्यास साधारण ४० ते ४७ मिलिमीटर असतो, आणि त्याला पहिली कडी २० ते २५ मिलिमीटरची शोभते. काही नव्या रॉडांवर ती १६ मिलिमीटरचीही असते, पण उंच पायावर बसवलेली. उंची असेल तर लहान कडीही चालते. रीळ लावून डोळा स्पूलच्या मागे नेऊन पाहावे: स्पूलची मधली रेषा पुढे वाढवली तर ती कड्यांमधून टोकाकडे सरकत गेली पाहिजे, पहिल्या कडीच्या वरून किंवा खालून निसटता कामा नये. कड्यांची संख्या साधारणतः जितके फूट तितकी, आणि वर टोकाची एक. सात फुटांच्या रॉडला पाचच कड्या असतील तर वाकल्यावर दोरा दोन कड्यांच्या मधे काठीला घासू लागतो.

प्रत्येक कडीच्या आत कापसाचा बोळा फिरवावा. कुठे तंतू अडकला तर तिथे चीर आहे, आणि ती चीर दोऱ्याला करवतीसारखी कापते. विणलेला दोरा वापरायचा असेल तर आत सिरॅमिकची, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडची किंवा सिलिकॉन कार्बाइडची, रिंग असलेल्याच कड्या घ्याव्यात. स्वस्त धातूच्या कड्यांवर तो दोरा काही महिन्यांतच चरे पाडतो. सगळ्या कड्या एका ओळीत आहेत का ते बंदुकीचा नेम धरल्यासारखे पाहावे.

मग रिळाची बैठक. छोट्या रिळाचा पाय आखूड आणि पातळ असतो, आणि समुद्राच्या मोठ्या रॉडांच्या बैठकीत तो कितीही आवळला तरी खुळखुळतो. आवळून झाल्यावर रीळ डावी-उजवीकडे हलवून पाहावे. केसभरही खेळ असला तर तो रॉड खाली ठेवावा, कागदाची घडी खाली घालून भागते असे कोणी सांगितले तरी.

तोल पाहायला रॉड रिळासकट तर्जनीवर आडवा ठेवावा. रिळाच्या पायाच्या अगदी पुढे तो स्थिर राहिला तर जोडी जमली. टोक खाली जात असेल तर दिवसभर ते टोक आपणच उचलून धरणार आहोत. छोट्या रिळाचे वजन साधारण २०० ते २५० ग्रॅम असते, आणि सात फुटांच्या आतला कार्बनचा हलका रॉड १०० ते १४० ग्रॅमच्या आसपास भरतो, त्यामुळे हा तोल सहसा साधतो. भरीव फायबरग्लासच्या रॉडला मात्र टोकाचे वजन जाणवते. मुठीचा मागचा भाग कोपराच्या थोडा अलीकडे संपावा. तो लांब असला तर रीळ फिरवताना शर्टात अडकतो. मूठ बुचाची असो की ईव्हीए फोमची, हा आवडीचा भाग आहे. आपल्या दमट हवेत आणि कोळंबीच्या हातांना फोम धुवायला सोपा जातो.

आता खरी परीक्षा, बाटलीवर लावून आणलेल्या ड्रॅगची. दोरा सगळ्या कड्यांतून ओवावा, टोक दुकानदाराच्या हाती द्यावे, त्याला चार पावले मागे जायला सांगावे आणि मूठ जमिनीशी ४५ अंशांच्या कोनात धरून सावकाश ताण द्यावा. ड्रॅग कुरकुरत सुटू लागेल तेव्हा काठीकडे पाहावे. ती मध्यापर्यंत गोल कमान होऊन थांबली, कुठेही कोपरा न काढता, तर हा आपला रॉड. दोन-तीन रॉडांवर हे केले की फरक कोणालाही दिसतो, आणि छापलेले शब्द आपोआप बाजूला पडतात. मूठ ४५ अंशांच्या फार वर, उभी नेऊ नये. तसे केल्यास सगळा ताण टोकाच्या वीतभर भागावर येतो आणि तिथे हलका रॉड तुटतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. पहिल्या खेपेला मी दुकानात एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताने टोक धरून काठी वाकवली, जशी लहानपणी बांबूची कामटी वाकवत असू, आणि काडकन आवाज होऊन टोक माझ्या मुठीत राहिले. दुकानदाराने काही न बोलता बिल केले. चूक माझीच होती. तो रॉड मी टोक नव्याने बसवून पुढे बरीच वर्षे वापरला, आठ इंच आखूड आणि पूर्वीपेक्षा ताठ. कोणताही कार्बनचा रॉड टोक हातात धरून किंवा छताला टेकवून वाकवू नये, दोऱ्यानेच वाकवावा.

कार्बन की फायबरग्लास, हा वाद लांबवण्यात अर्थ नाही. कार्बन हलका आणि माशाची चाहूल हाताला स्पष्ट देणारा, पण आपट सोसत नाही. दगडावर पडून आलेला न दिसणारा ओरखडा पुढे ताणाखाली तुटतो. फायबरग्लास जड, थोडा सुस्त, आणि टिकाऊ. मुलांसाठी किंवा खडकांवर जायचे असेल तर फायबरग्लास किंवा दोन्हींचे मिश्रण घ्यावे, एरवी कार्बन.

लोकलमधून नेताना

मुंबईकराला रॉड निवडताना एक प्रश्न असा पडतो जो इतरत्र फारसा पडत नाही: हा लोकलमध्ये कसा न्यायचा? सात फुटांचा दोन तुकड्यांचा रॉड सुटा केला की साडेतीन फुटांचा, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर होतो, आणि गर्दीच्या वेळा टाळल्या तर तो सहज नेता येतो. चार तुकड्यांचा रॉड पाठीवरच्या पिशवीत मावतो, मात्र जोड जितके जास्त तितके सैल होण्याच्या जागा जास्त. जोडताना तुकडे सरळ दाबावेत. कड्या थोड्या तिरक्या ठेवून शेवटी पाव वळसा देऊन ओळीत आणाव्यात, आणि फेकताना पुढचा भाग निसटत असेल तर जोडावर मेणबत्ती हलकेच घासावी. टेलिस्कोपचा रॉड पिशवीत सर्वांत सोपा, पण त्याच्या नळ्यांत वाळू आणि मीठ गेले की तो आत-बाहेर होईनासा होतो, आणि स्वस्तातल्या टेलिस्कोपवर कड्या कमी असल्याने कमानही नीट येत नाही. माझा कल दोन तुकड्यांकडे आहे. प्लंबिंगच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसी पाइप आणि दोन टोपणे घेतली की त्याला पेटीही होते.

कार्बनमधून वीज वाहते, ही गोष्ट मात्र सोडून देण्यासारखी नाही. लोकलच्या ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात, आणि धक्का बसायला तारेला शिवावेच लागते असे नाही, पुरेसे जवळ जाणेही पुरते. म्हणून प्लॅटफॉर्मवर, पादचारी पुलावर किंवा रुळांवरून जाणाऱ्या रस्त्याच्या पुलावर रॉड कधीही जोडलेला नसावा, आणि सुटे तुकडेही उभे धरू नयेत. पहिल्या पावसाच्या सुमारास समुद्रावर विजा चमकू लागल्या की रॉड खाली ठेवून निघावे.

जोडी जमल्यानंतर

दोरा भरताना स्पूलच्या कडेपासून दीड ते दोन मिलिमीटर खाली थांबावे. कमी भरला तर दोरा कडेला घासून फेक तोकडी पडते, जास्त भरला तर वेटोळ्यांचा गुंता बाहेर येतो, आणि दोन्ही वेळा दोष उगाच रॉडला दिला जातो.

गळ दगडात अडकला तर रॉडने ओढू नये. रॉड दोऱ्याच्या सरळ रेषेत धरावा, स्पूल हाताने दाबून मागे चालत जावे, किंवा हाताला जाड फडके गुंडाळून त्यावर दोऱ्याचे वेढे घेऊन ओढावे. विणलेला दोरा उघड्या बोटांना चिरतो. हलके रॉड माशांपेक्षा दगडांमुळेच अधिक तुटलेले मी पाहिले आहेत.

मासा लांब पळाला आणि स्पूलवरचा दोरा निम्मा झाला की स्पूलचा व्यास कमी होतो, आणि बटण न फिरवताही ड्रॅग जड होतो. बाटलीवर एक किलोला सुटणारा ड्रॅग तेव्हा त्याहून बराच जास्त मागतो. अशा वेळी बटण थोडे सैल करावे, आवळण्याचा मोह टाळावा.

घरी आल्यावर रॉड आणि रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावे, धार जोराची नको, कारण ती मीठ रिळाच्या आत ढकलते. कड्यांच्या पायाशी आणि बैठकीच्या आट्यांत साचलेले मीठ जुन्या टूथब्रशने काढावे. धुताना ड्रॅग आवळलेला ठेवावा, म्हणजे पाणी चकत्यांपर्यंत जात नाही. सावलीत पुसून वाळवल्यावर ड्रॅगचे बटण पूर्ण सैल करून ठेवावे, नाहीतर चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी पहिला हिसका त्यांना सुटत नाही. सैल केलेला ड्रॅग पुन्हा लावायचा तो अंदाजाने नव्हे, निघण्याआधी जिन्यात बाटली लटकवून.